सुमनवन्संच्या बीपीमागे पेण-रोहा

प्रिय ईशान आणि तन्वी,

परवा फोनवर तन्वीने विचारलं, "आजी, तू आठ दिवसांसाठी गेली होतीस ना? मग सव्वा महिना कुठे होतीस?" मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि तुमचे आजोबा चष्मा शोधत घरभर फिरत होते, म्हणून मी तेव्हा वेळ मारून नेली. आता निवांत बसून सगळं क्रमाने लिहिते. तुमच्याकडे गुडघाभर बर्फ पडला असेल, तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा. ईशान, तू एकदा पेणवरून गेला आहेस, पण पूर्ण झोपेत. ती भेट धरायची नाही.

सुमनवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण लग्न झालं तेव्हा जी हाक तोंडात बसली ती बसली. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचं, मग ती परकरात का असेना. त्यांचं घर महामार्गावरच्या खांब गावापासून थोडं आत आहे. त्यांचे यजमान, दत्ताराम भावजी, पावसाळ्यात भात लावतात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात.

दोन वर्षांपूर्वी वन्संच्या डाव्या कानाखाली बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिचं लिंबू झालं तेव्हा कल्पनाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्यांना हात धरून पेणला नेलं. सुई घालून तपासणी झाली. गाठ लाळेच्या ग्रंथीची होती आणि कर्करोग नव्हता. पण ती वाढत होती, तेव्हा काढायला हवी होती. धोका एकच, पण मोठा होता. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते. तिला इजा झाली तर डोळा मिटत नाही आणि तोंड एका बाजूला ओघळतं. आणि आपल्या वन्सं म्हणजे हसल्या की शेजारच्या आळीत कळतं, अशा.

ऑपरेशनसाठी त्यांना दोनदा पेणला नेलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. रुग्णालयात पाऊल ठेवलं की त्यांचं बीपी चढायचं. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घरचं बीपी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणा, मग ठरवू. पण लिहिणार कोण? कल्पनाला दिवसभर शाळा, जावयाची शिफ्ट, आणि भावजींना चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत आणि चष्म्याशी त्यांचं वैर. तेव्हा घरात एकमताने ठरलं, "वहिनीला बोलवा. ती वही आखून लिहील."

मी वही आखली, बीपीचं मशीन घेतलं आणि नाशिकहून निघाले.

पेण, शनिवार

आधी डॉक्टरांना भेटायचं आणि मग खांबला जायचं, असा माझा क्रम होता. ज्या कामासाठी चाललोय ते नीट समजून घ्यावं, ही माझी जुनी खोड. रुग्णालय रामवाडीच्या बाजूला आहे. भूल देणाऱ्या डॉक्टर अनघा इतक्या लहान दिसत होत्या की मी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर कधी येतील?"

"आल्या," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी ती हसून घेतली आणि मला कागदावर चित्र काढून दाखवलं. कान, गाल आणि कानाखालून निघून पाच फांद्या फुटलेली एक रेघ.

"ही चेहऱ्याची नस. फांद्या तर शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. सर्जनना गाठ हिच्यावरून सोलून काढायची आहे. थोडं रक्त साचलं तरी नस दिसेनाशी होते. म्हणून तेवढा वेळ मी रक्तदाब खाली आणून ठेवते. थेंबाथेंबाने एक औषध द्यायचं. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो, रक्त कमी झिरपतं."

मी औषधाचं नाव विचारलं आणि ऐकून खुर्चीत सरळ बसले. नायट्रोग्लिसरीन! ईशान, डोंगर फोडायच्या सुरुंगात जे घालतात, तेच.

"स्फोट होत नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "फार तर डोकं दुखतं."

"आणि दाब किती खाली आणता?"

"तोच तर प्रश्न आहे. तो आकडा माझ्या पुस्तकात नाही, त्यांच्या घरी आहे. ज्यांचा दाब रोजच जास्त असतो, त्यांच्या मेंदूला तेवढ्या दाबाची सवय झालेली असते. मी त्यांचा रोजचा दाब कमी आहे असं समजून त्याच्याही खाली गेले, तर मेंदूला रक्त पुरणार नाही. म्हणून सांगते, मला चांगला आकडा नको. खरा आकडा हवा."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढे जे झालं ते पाहता त्या रेघांचा मला काही उपयोग झाला नाही.

बाजारातून पोह्याचे पापड घेतले. पेणला जाऊन पापड न घेणं म्हणजे नाशिकला येऊन चिवडा न घेण्यासारखं. पापडात मीठ असतं आणि वन्संना मीठ वर्ज्य, तेव्हा ते मीच संपवायचे असं मी वाटेतच ठरवून टाकलं.

खांबजवळ, रविवार ते बुधवार

ओटीवर भावजी उभेच होते. "या, कलेक्टरीणबाई! मशीन आनलाव, वही आनलाव, शिक्का नाय आनलाव काय?"

"गप बसा वो. त्या दमल्यात," आतून वन्संचा आवाज आला. त्या पदर कानावरून घट्ट ओढून बाहेर आल्या. आधी वाटलं, थंडी वाजत असेल. मग लक्षात आलं की त्या घरातसुद्धा गाठ झाकून वावरतात. मी आत नेऊन पदर बाजूला केला, नीट पाहिलं आणि म्हटलं, "लिंबू आहे, वन्सं. आंबा नाही." त्या हसल्या. उजवीकडून आणि डावीकडून, दोन्हीकडून सारख्या.

मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी सात, संध्याकाळी सहा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलायचं नाही.

"पाच मिनटं गप?" भावजी म्हणाले. "ही? वहिनी, मला बेचाळीस वर्सांत जमला नाय. तुमी बगा."

जमलं. आणि बीपी आलं एकशे अठ्ठावीस, खाली अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळी एकशे चोवीस. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच. माझी वही इतकी सुंदर दिसू लागली की मी ती दोनदा उघडून नुसती पाहिली. तुमच्या आजोबांना फोन करून सांगितलं, की घरचं वातावरण मिळालं की माणसाचं बीपी कसं जाग्यावर येतं बघा. ते म्हणाले, "तू असताना?" मी फोन ठेवला.

एकच गोष्ट खटकत होती. मोजून झालं की थोड्या वेळाने वन्सं कपाळाला फडकं बांधून बसायच्या. चेहराही लालसर व्हायचा.

"थंडीचा बाधलाय," त्या म्हणायच्या. मी सुंठीचा लेप सुचवला. डोकं दुखण्याबद्दल शनिवारी ऐकलेलं वाक्य माझ्याच डोक्यात होतं, पण चांगले आकडे पाहून खूश झालेलं माणूस फार विचार करत नाही. तीस वर्षं कॉलेजात पेपर तपासले, पण हुशार मुलाच्या पेपरात मीही चुका कमीच शोधायची.

बाकी ते चार दिवस मजेचे गेले. आपल्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, पीठ मळलं की थापायला घेतली. तिथे तांदळाच्या पिठाची उकड काढतात आणि ती गरम असतानाच मळतात. माझे हात पोळले आणि भाकरी फाटली. भावजींनी ती ताटात फिरवून फिरवून पाहिली. "ह्यो कुठल्या राज्याचा नकाशा, वहिनी?" वन्संचं वालाचं बिरडं मात्र मी आयुष्यभर खाऊ शकेन. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. आदल्या दिवशी सगळी आळी ओटीवर बसून सोलते आणि सोलताना जी हजर नसते तिच्याविषयी बोलते. म्हणून मी मुद्दाम शेवटपर्यंत बसून राहिले.

आणि मिठावरून भांडण रोजचंच. मी बरणी वरच्या फळीवर ठेवायची, वन्सं पायाच्या चवड्यांवर उभ्या राहून काढायच्या.

वरसे, गुरुवार

कल्पना आणि तिचा नवरा महेश रोह्याला लागून वरसे गावात राहतात. काही वर्षांपूर्वी तिथे शेतं होती, आता शेतांच्या मधे मधे तीन-चार मजली इमारती आहेत. बाल्कनीत कपडे वाळत असतात आणि खाली बांधावर बगळे. त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी गुरुवारी पोपटी ठरवली होती, म्हणून आम्ही तिघंही दुपारीच तिथे पोचलो.

तन्वी, पोपटी म्हणजे पक्षी नाही. माठाच्या तळाला भांबुर्डीचा पाला पसरायचा. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, वर जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंबही नाही. पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करून माठ उलटा ठेवायचा आणि भोवती जाळ करायचा. पाल्याचाच वास आणि रस आत उतरतो. पोपटी फक्त थंडीत होते, आणि ती शिजली की नाही हे माठावर पाणी शिंपडून चुर्रर आवाजावरून ठरवायचं असतं. यावर प्रत्येकाचं मत वेगळं.

जाळ पाच वाजता लागणार होता. सहाला मी वही घेऊन बसले तर सगळं निवलं असतं, म्हणून मी साडेचारलाच वन्संना म्हटलं, "चला, आज लवकर मोजून घेऊ." त्या एकदम गोंधळल्या. "आता? सहाला मोजू ना." मी म्हटलं, आजचा दिवस अपवाद. आयुष्यात मी फारसे अपवाद केलेले नाहीत. हा केला तो बरं झालं.

मशीन फुगलं, थांबलं आणि आकडा आला. एकशे चौऱ्याहत्तर.

मशीन बिघडलं, हा माझा पहिला निष्कर्ष. पुन्हा मोजलं, एकशे सत्तर. मग माझं मोजलं, ते नेहमीसारखं. कल्पनाचं मोजलं, तेही ठीक. खाली पोपटीपाशी मशीन घेऊन गेले, म्हटलं आणखी एक-दोघांवर तपासू. तिथे क्षणात रांगच लागली. "माझा बगा, बाय." "आधी माझा, मी कांदा कापता कापता उठलेय." जाळाच्या बाजूला स्टुलावर बसून मी सात जणांचं बीपी मोजलं. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता.

तेवढ्यात पहिल्या पाळीवरून आलेला महेश जिन्यातून खाली उतरला. माझ्या हातातली वही त्याने पाहिली, सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेला, "आई, गोळी नाय घेतलीत?"

"कुठली गोळी?" मी विचारलं.

भावजी माठावर पाणी शिंपडायला गेले. त्याची तेव्हा काही गरज नव्हती.

शेवटी महेशनेच सांगितलं. मान खाली घालून, पण सरळ सांगितलं. "मामी, ती जिभेखालची गोळी. बाबांना छातीसाठी दिलेली, घरात पडून होती. कंपनीत वर्षाला मेडिकल असतं. बीपी जास्त आला तर कॉन्ट्रॅक्टर गेटपास देत नाय, पंधरा दिवस घरी बसवतो. मंग पोरं काय करतात, अर्धा तास आधी एक गोळी जिभेखाली ठेवतात. बीपी उतरतो, शिक्का बसतो, झाला काम. आई दोनदा नापास होऊन आल्या. मला वाटलं, ह्यांना पन पास करू."

"व्हय, आमच्या ह्यांनी पन घेतलेली," रांगेतली एक बाई सहज म्हणाली.

मला रागवायचं होतं, पण रागवायचं कुणावर? सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेपाचला वन्सं गोळी घेत होत्या. माझं वेळापत्रक भिंतीवर लावलेलंच होतं. चोराला घड्याळ मीच दिलं होतं.

"आज पण देनार होतो," भावजी माठाकडे बघत म्हणाले. "तुमी लवकर बसलाव."

वन्सं माझ्याजवळ आल्या. "वहिनी, सांगू नका डॉक्टरनीला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोमवारी ऑपरेशन हाय. दोनदा अख्खी आळी ओटी भरून गेली माझी, नि दोनदा मी नारळ घेऊन परत आले. लोकं इचारतात, काय गो सुमन, झाला? आता तिसऱ्यांदा परत आले तर मी नाय जायाची. वाढू दे लिंबाचा आंबा."

पोपटी उघडली तेव्हा वाफेबरोबर पाल्याचा असा वास आला की सगळे पुढे सरकले. शेंगा नखाने उघडून खायच्या, बोटं काळी करून घ्यायची. मी खाल्ल्या, आणि चांगल्या लागत होत्या हेही लिहिते. पण वही मांडीवर होती आणि तिच्यातल्या पाच दिवसांच्या सुबक आकड्यांपैकी एकही खरा नव्हता.

वरसे, शुक्रवार

सकाळी आम्ही तिघं कालव्याकडे फिरायला निघालो. कालव्याला पाणी सुटलं की त्या भागात उन्हाळी भात लावतात. एका खाचराच्या बांधाला गळती लागली होती आणि एक माणूस गुडघाभर चिखलात वाकून हाताने काही चाचपत होता. भावजी पायताण काढून लगेच बांधावर बसले.

"खेकड्याचा बीळ?"

"व्हय. सापडत नाय."

"कसा सापडंल? पानी गढूळ नि वर जोरात. आधी उतरव."

त्या माणसाने पाणी सोडायच्या दोन-तीन तोंडांची माती काढली. पाणी चहूकडे पसरलं, खाचरातली पातळी हळूहळू उतरली आणि बांधाच्या कुशीत भोक स्वच्छ दिसलं. त्याने चिखल दाबून ते बुजवलं.

माझ्या डोक्यात डॉक्टर अनघांचं चित्र होतं. मी म्हटलं, "भावजी, ऑपरेशनला डॉक्टर हेच करणार आहेत. औषधाने वाटा रुंद करायच्या, दाब उतरवायचा, म्हणजे रक्त झिरपत नाही आणि नस दिसते."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाचराकडे, मग वन्संकडे. शेतकऱ्याला पाण्याबद्दल एकदाच सांगावं लागतं.

"पन पानी पार उतरवून चालत नाय," ते सावकाश म्हणाले. "लांबच्या शेंड्याला जो रोप हाय, त्याला पोचला नाय तर तो आधी करपतो." मग त्यांचा आवाज बदलला. "म्हंजे आमी घरूनच पानी उतरवून दाखवला. ती समजंल, हीच रोजची पातळी. नि त्याच्या पन खाली नेईल."

"हो."

"नि लांबचा शेंडा म्हंजे?"

मी कपाळाला बोट लावलं.

भावजी उठले. वन्संच्या समोर उभे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना चेष्टेशिवाय बोलताना प्रथमच ऐकलं. "सुमन, माझी चूक झाली गो. महेशची नाय, माझी. तू परत आलीस तर मी सगळ्या आळीला सांगेन, मीच खोटा केला म्हनून परत आलो. पन तू ह्या खोट्यावर तिकडं निजायचा नाय."

वन्संनी कानावरचा पदर मागे सारला. मग म्हणाल्या, "फोन लावा, वहिनी. मी बोलते. तुमी सांगितलाव तर ती तुमाला वरडंल."

त्यांनी सगळं सांगितलं, गोळीचं, वेळांचं, डोकेदुखीचंसुद्धा. मग डॉक्टर अनघा म्हणाल्या, "काकू, म्हणजे माझं काम तुम्ही पाच दिवस आधीच सुरू केलंत. ती गोळी माझ्या औषधाचीच बहीण आहे." आणि मग त्या खरंच ओरडल्या. न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या असतात तर, कुणाची गोळी कुणाला देता, असं बरंच. शेवटी विचारलं, "तुमची स्वतःची रोजची गोळी घेता का?"

"डोकं जड झाला का घेते," वन्सं म्हणाल्या.

तर सोमवार रद्द झाला. रोजची गोळी रोज, मीठ कमी, वही पुन्हा पहिल्यापासून आणि चार आठवड्यांनी ऑपरेशन. मी बांधावर बसूनच वहीतल्या पाच दिवसांवर आडव्या रेघा मारल्या. माझ्या हातून अशी खाडाखोड आजवर झालेली नव्हती. आजोबांना फोन केला, की मी महिनाभर येत नाही. ते म्हणाले, "माझा चष्मा कुठे आहे तेवढं सांगून ठेव."

पुन्हा खांबजवळ, चार आठवडे

हे दिवस मी थोडक्यात सांगते, कारण ते सारखेच होते आणि म्हणूनच चांगले होते. पहिल्या आठवड्यात आकडे एकशे सत्तरच्या आसपास. मी ते लिहिताना हात आखडता घ्यायची. वन्सं म्हणायच्या, "लिवा, लिवा. खरा हाय ना?" दुसऱ्या आठवड्यात दीडशे. मिठाची बरणी भावजींनी शेजारी नेऊन ठेवली आणि शेजारणीला सांगितलं, की सुमन मागायला आली तर द्यायची नाही. पाठोपाठ वन्सं गेल्या आणि शेजारीण त्यांना तोंडावर म्हणाली, "नाय गो बाय, वरून हुकूम हाय."

दत्ताराम भावजींनी शब्द पाळला. आळीत ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी स्वतःची चूक सांगितली, बांध आणि खेकड्यासकट. परिणाम असा झाला की सकाळी सातला ओटीवर माझ्यापुढे माणसं बसू लागली. त्यांतल्या दोघांचं बीपी वन्संपेक्षा जास्त निघालं आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांना कोलाडला डॉक्टरांकडे पाठवलं. महेश एका रविवारी येऊन मोजून गेला. गोळीशिवाय. वर गेलेला आकडा बघून तो म्हणाला, "मामी, आता मेडिकलला काय करू?" मी म्हटलं, तीन महिने आहेत, तूही डॉक्टरांना दाखवून रोजची गोळी सुरू कर. त्याने केली आहे. कल्पना लक्ष ठेवते.

चौथ्या आठवड्यात एकशे अडतीस, एकशे छत्तीस, एकशे चाळीस. जरा वेडेवाकडे, खाली-वर होणारे आकडे. खरे आकडे असेच असतात, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

पेण, शेवटचे दोन दिवस

या वेळी वन्संनी आळीला ओटी भरू दिली नाही. "आल्यावर भरा," म्हणाल्या.

रुग्णालयात त्यांचं बीपी चढलंच, पण डॉक्टर अनघांनी तिकडे फारसं पाहिलं नाही. त्यांनी वही मागितली. रेघा मारलेल्या पानांवर थांबल्या. मी म्हटलं, "ते खोटे आहेत. पुढे पहा." त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आता मला कळतंय कुठपर्यंत जायचं."

वन्संना आत नेलं. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "वहिनी, तोंड वाकडा झाला तर ओळखाल ना?" मी म्हटलं, "आवाजावरून ओळखीन."

साडेतीन तास लागले. भावजींनी खालून सहा वडे मागवले आणि एकालाही हात लावला नाही. दोन मी खाल्ले, एक महेशने. कल्पना भिंतीला टेकून उभी होती. भावजी एक शब्द बोलत नव्हते. त्यांना गप्प बसलेलं पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

डॉक्टर अनघा टोपी काढत बाहेर आल्या. "दाब जिथे हवा होता तिथेच राहिला. रक्त फार थोडं गेलं. गाठ पूर्ण निघाली. नस सर्जनना स्वच्छ दिसली, सगळ्या फांद्या शाबूत आहेत. पण ती हाताळली गेली आहे. चेहरा कसा हलतो ते उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले. वन्संच्या कानापासून गळ्यापर्यंत पट्टी होती. आम्ही चौघं पलंगाभोवती उभे होतो.

"भुवया वर करा." केल्या, दोन्ही.

"गाल फुगवा." फुगवले. डावीकडून थोडी हवा सुटली.

"आता डोळे घट्ट मिटा."

त्यांनी मिटले. डावा डोळाही पूर्ण मिटला. कल्पनाने माझं मनगट आवळलं.

"छान. उघडा आता."

वन्सं उघडेनात. सर्जनांनी पुन्हा सांगितलं. पापणी हलली नाही. भावजी पुढे सरसावले. "सुमन? अगो, उघड ना. डॉक्टर, बगा ना, ही डोळा उघडत नाय! सुमन!"

मिटल्या डोळ्यांनी वन्सं हळूच म्हणाल्या, "उघडते वो. जरा थांबा. बेचाळीस वर्सांत तुमी पयल्यांदा घाबरलेले ऐकतेय."

सर्जन हसले, डॉक्टर अनघा हसल्या, महेश तोंड फिरवून हसला आणि डोळे पुसू लागला. भावजी म्हणाले, "हिला काय झाला नाय. घरी न्या हिला." तेव्हा वन्संनी डोळे उघडले आणि त्याही हसल्या. उजवीकडे हसू लगेच आलं. डाव्या ओठाच्या कोपऱ्याला पोचायला त्याला थोडा उशीर लागला, पण ते पोचलं.

तुमची,
आजी